पेट्रोलचा वास फक्त तिला

आमच्या घरात तीन माणसं होती आणि चालू नाक एकच. आईला लग्नाच्या आधीपासून तपकिरीची सवय. तिनं चिमूट ओढली की पुढचा तासभर शेजारी गॅसचं सिलिंडर गळत असलं तरी तिला पत्ता नाही. माझं नाक लहानपणी विटी बसून आतून वाकडं झालं, ते पुढं चष्मा टेकवण्यापुरतंच उरलं. फोडणी करपली तर मला धुरावरून कळायचं. राहिली बायको. तिचं नाक असं की दूध नासणार असेल तर ती आदल्या संध्याकाळी सांगायची. हे सगळं मला माहीत होतं. तरीही गाडीत पेट्रोलचा वास येतोय असं तिनं सांगितल्यावर मी दीड महिना दोन बंद नाकांचं बहुमत धरून बसलो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला होतो आणि आम्ही जेल रोडला भाड्यानं राहायचो. कामावर माझ्याकडे काटे होते. कुठल्या टाकीत किती तेल आहे, कुठल्या नळीत किती दाब आहे हे दाखवणारे काटे तपासायचे, चुकीचं दाखवत असतील तर सुधारायचे. त्यामुळे काट्यांच्या बाबतीत आपल्याला कुणी काही शिकवू नये असं माझं मत होतं, आणि ते मी कुणी न विचारता सांगायचो.

गाडी घेतली ती बायकोला दिवस गेले म्हणून. आधी एकदा चौथ्या महिन्यात हातातोंडाशी आलेलं गेलं होतं, तेव्हा या खेपेला घरात सगळेच दबकत वावरत होते. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेर कळवणला. डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं की एसटीनं पाठवायचं नाही, गचके नकोत. आईनं त्यात आपली अट घातली: पाठवायचं ते सातव्या महिन्यात, एकदा आठवा लागला की नववा लागेपर्यंत बाईला घरातून हलवत नाहीत. म्हणजे सातव्यात, एसटीशिवाय, कळवण. मी एक पांढरी, छोटी, नऊ वर्षं वापरलेली गाडी घेतली आणि सासऱ्यांना फोन करून कळवलं की तुमच्या मुलीला तिच्या स्वतःच्या गाडीतून आणून सोडतो. हे वाक्य बोलायला मला इतकं आवडलं की मी ते फोनवर दोनदा बोललो.

गाडीत खोट एकच होती. पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर. टाकी रिकामी असो, भरलेली असो, काटा अर्ध्यावर. माझ्यासारख्या माणसाच्या गाडीत असा काटा म्हणजे हलवायाच्या घरात साखर नसण्यासारखं. एका रविवारी मी मागची सीट उचलली. त्या गाडीची टाकी मागच्या सीटच्या बरोबर खाली होती. सीटखाली पत्र्याचं एक झाकण, झाकणाखाली टाकीचं तोंड, आणि त्या तोंडावर काट्याचा पेट्रोलवर तरंगणारा भाग बसवलेला. तो मी काढला, घासला, तुटलेली तार जोडली. काटा हलला. मी एकटाच हसलो.

परत बसवताना टाकीच्या तोंडावरची रबरी रिंग हातात आली ती तुकड्या-तुकड्यानं. स्पेअर पार्टची दुकानं रविवारी बंद. सोमवारपर्यंत थांबायचं म्हणजे गाडी उघडी ठेवून थांबायचं, आणि आईनं एव्हाना दोनदा येऊन विचारलं होतं की एवढा पसारा काढून ठेवलास तो परत बसवता येतो ना तुला. दारामागं बायकोच्या जुन्या सायकलची ट्यूब लटकत होती. ती मी उभी चिरली, वर आमटीची वाटी पालथी घालून पेनानं गोल आखलं, कात्रीनं कापलं, बसवलं, आवळलं. साडेचारला मी चहा मागितला, आणि तो अशा आवाजात मागितला की आईनं विचारलं, कुणाचं पत्र आलं का.

आता शनिवार सांगतो, कारण सगळा घोळ शनिवारी व्हायचा. दर शनिवारी बायकोला घेऊन कॅनडा कॉर्नरजवळच्या दवाखान्यात जायचं, तपासणी, मग तिच्या मैत्रिणीकडे थोडं बसून परत. या फेरीसाठी आईचे दोन हुकूम होते. एक, सूनबाईला मागे बसवायचं, पुढे गचका जास्त लागतो. दोन, तिला घेऊन निघताना टाकी काठोकाठ भरलेली पाहिजे, बाई अवघडलेली आणि गाडी रस्त्यात बंद, हे नको. दोन्ही हुकूम मी तंतोतंत पाळले. सकाळी पंपावर जायचो, टाकी फुल करायचो, पंपावरचा माणूस थांबला तरी त्याला अजून थोडं टाक म्हणायचो. इतर दिवशी मी एकटाच गाडीनं एकलहऱ्याला जायचो-यायचो.

दुसऱ्या-तिसऱ्या शनिवारी बायको मागून म्हणाली की पेट्रोलचा वास येतोय. मी पुढे, काच खाली, वारं तोंडावर. मी नाक ओढून पाहिलं. अर्थातच काही नाही. शेजारी बसलेल्या आईला विचारलं. तिनं नुकतीच चिमूट घेतलेली. ती म्हणाली, मला तर काहीच नाही बाई. मी बायकोला समजावलं की आत्ताच पंपावरून आलोय, हाताला लागलं असेल. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. मी घरून साबणानं हात धुऊन निघालो होतो.

हा प्रश्न घरातल्या घरात राहिला असता तर बरं झालं असतं. पण दवाखान्यात तिनं डॉक्टरीणबाईंना सांगितलं की गाडीत वासानं मळमळतं. बाई वजनाच्या काट्याकडे बघत म्हणाल्या की या दिवसांत नाक फार तिखट होतं, काहींना तर नसलेले वासही येतात. झालं. मला तेवढंच हवं होतं. नसलेले वास. घरी येईपर्यंत मी ते शब्द दोनदा उच्चारले. शेजारच्या काकूंनी त्यात भर घातली. त्यांना म्हणे दोन्ही खेपेला रॉकेलचा वास यायचा, आणि घरात तेव्हा गॅस होता. आई म्हणाली, बघ. आईला काय बघायचं होतं मला माहीत नाही, पण मीही बायकोला म्हटलं, बघ.

ओट्याशेजारी भिंतीवर कॅलेंडर होतं. त्यावर दुधाचे खाडे, सिलिंडर कधी लावलं, असलं सगळं बायको पेन्सिलनं लिहायची. त्या दिवशीच्या चौकोनात तिनं एक बारीक गोल काढला. मी विचारलंही नाही कसला.

तरी मी गॅरेजला गेलो. नाही गेलो असं कुणी म्हणू नये. शुक्रवारी पहिली पाळी संपवून बिटको चौकाजवळच्या एका पोरसवदा मेकॅनिककडे गाडी नेली. त्यानं बॉनेट उघडलं, खाली वाकला, मागे गेला, पेट्रोलचं झाकण काढून त्याला कानाजवळ धरून हलवलं, जणू नारळ आहे, आणि ते बदललं. मी फेरी मारली. वास नाही. माझ्या नाकाला तो कधीच नव्हता, पण मेकॅनिकच्या नाकालाही नव्हता, म्हणजे हे तर निष्पक्ष नाक. शनिवारी टाकी भरली, बायको बसली, आणि जेल रोड संपायच्या आत म्हणाली, येतोय.

पुढच्या शुक्रवारी दुसरा मेकॅनिक. यानं कार्बोरेटर खोलून धुतला आणि एक नळी बदलली. फेरी मारली, वास नाही. तो मला म्हणाला, साहेब, गाडीत काही नाही, कुणाला येतो वास? मी सांगितलं, घरच्यांना. त्यांना दिवस आहेत हेही सांगितलं. तो माझ्याकडे पाहून अशी मान हलवून हसला की मीही तशीच मान हलवली. दोन पुरुष एका धुतलेल्या कार्बोरेटरशेजारी उभे राहून बायकांच्या नाकाबद्दल एकमत करत होते. आज ते चित्र आठवलं की मला स्वतःच्याच कानाखाली द्यावीशी वाटते.

मधल्या एका मंगळवारी चांदवडला लग्न होतं, आईच्या माहेरचं. सोमवारी टाकी भरून ठेवली. जाताना चांदवड यायच्या आधी बायकोला दोनदा उलटी झाली. लग्नघरी सगळ्यांनी ठरवलं की गाडी लागली. कुणी लिंबू दिलं, कुणी आवळासुपारी. येताना ती व्यवस्थित आली, खिडकीला डोकं टेकून झोपलीही. घरी आल्यावर तिनं मला सांगितलं, जाताना वास होता, येताना नव्हता, हे कसं? मी म्हटलं, येताना तोंडात लवंग होती म्हणून. तिनं पेन्सिल घेतली. मग कॅलेंडरवर अजून एक गोल.

यानंतरचा प्रकार मी सहसा कुणाला सांगत नाही. डॅशबोर्डवर आईनं चिकटवलेला छोटा गणपती होता आणि त्याच्यापुढं उदबत्तीचं पितळी घर. सकाळी ती एक उदबत्ती लावायची, ती मी निघेपर्यंत विझलेली असायची. मी विचार केला की बायकोला नसलेला वास येतोय तर त्यावर एक असलेला वास घालावा. शनिवारी निघताना मी चंदनाच्या तीन उदबत्त्या पेटवल्या आणि सुगंध बाहेर जाऊ नये म्हणून चारही काचा वर केल्या. आईला फार आवडलं. तिला चंदनाचा वास येत नव्हता, पण धूर दिसत होता, त्यावर ती समाधानी होती. उपनगर नाक्यापर्यंत गेलो आणि मागून आवाज आला, गाडी थांबवा. खणखणीत, वर्गात पोरांना देतात तसा. बायको शाळेत शिकवायची, पण हा आवाज तोवर घरी आलेला नव्हता.

ती उतरली, रिक्षाला हात केला आणि घरी गेली. मी मागोमाग पोचलो. अगं, डॉक्टरांनी सांगितलंय ना, असं मी सुरू केलं. ती म्हणाली, "वास येत नाही असं तुम्ही ठरवलंय ना? ठरवा. मी त्या गाडीत बसणार नाही, हे मी ठरवलंय."

तेव्हा आठवा लागायला अकरा दिवस होते.

त्यातले तीन दिवस मी नुसता चिडण्यात घालवले. कुणावर ते ठरत नव्हतं. बायकोवर चिडावं तर तिच्या पोटाकडे बघून आवाज निघेना. आईवर चिडावं तर ती म्हणणार, मी काय केलं, मला तर वास येतच नाही. गाडीवर चिडलो, तिला दोन लाथा मारल्या, त्यात माझाच अंगठा दुखावला. तेवढ्यात सासऱ्यांचा फोन आला. त्यांची कांद्याची पिकअप होती. ते म्हणाले, "जावईबापू, पिकअप पाठवू का? मागं गादी टाकतो, लय आरामात येईन ती. टेन्शन घेऊ नका." कांद्याच्या पिकअपमध्ये मागे गादीवर माझी सात महिन्यांची गरोदर बायको. आणि मी फोनवर दोनदा बोललेलं ते वाक्य. मी म्हटलं, तीन-चार दिवस थांबा, गाडी दाखवतोय.

द्वारका चौकाच्या मागच्या अंगाला वडाळा नाक्याकडे एक म्हातारे मिस्तरी होते, त्यांना सगळे चाचा म्हणायचे. त्यांचं गॅरेज म्हणजे एक लिंबाचं झाड आणि एक पत्रा. मी गाडी लावली आणि झाकण बदललं, कार्बोरेटर धुतला, नळी बदलली असा सगळा पाढा वाचला. चाचांनी गाडीला हातही लावला नाही. त्यांनी विचारलं, वास कधी येतो? मी म्हटलं, मला येतच नाही. मग कुणाला येतो? बायकोला. कधी? मला सांगता येईना. गाडी थंड असताना की गरम? चढावर की वळणावर? टाकी किती असताना? प्रत्येक प्रश्नाला मी तेच उत्तर देत होतो, की डॉक्टर म्हणाल्यात या दिवसांत नाक तिखट होतं. चाचा विडी काढत होते ती त्यांनी परत खिशात ठेवली.

"साहेब, पेशंट घरी ठेवून तुम्ही दवा घ्यायला आलात. ज्याला वास येतो त्याला आणा."

दुसऱ्या दिवशी आमची वरात निघाली. चाचांच्या सांगण्यावरून टाकी फुल केलेली. पुढे रिक्षात बायको, मांडीवर कॅलेंडर गुंडाळून धरलेलं, कारण ती ते भिंतीवरून उतरवूनच घेऊन निघाली होती. मागे रिकाम्या गाडीत मी. प्रत्येक सिग्नलला रिक्षावाला मागे वळून बघायचा की हा गाडीवाला आपल्याच मागं का येतोय.

चाचांनी तिला खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि मला विचारलेले तेच प्रश्न तिला विचारले. तिनं कॅलेंडर उलगडलं. सगळे गोल शनिवारी, एक मंगळवारी. ती म्हणाली, टाकी भरली की त्या दिवशी वास येतो. वळणावर जास्त. मागच्या सीटवर जास्त, एकदा पुढच्या सीटवर पिशवी घ्यायला वाकले तेव्हा कमी होता. चांदवडला जाताना होता, येताना नव्हता, म्हणजे पेट्रोल जरा खाली गेलं की थांबतो. हे सगळं तिनं एका दमात, माझ्याकडे न बघता सांगितलं. दोन मेकॅनिक, एक डॉक्टर, एक काकू, आई आणि काट्यांचा जाणकार मी, यांच्यापैकी कुणी तिला हे विचारलंच नव्हतं. आम्ही तिला वास येतो का हे विचारलं, आणि उत्तरही आम्हीच दिलं.

आणि दोन्ही मेकॅनिककडे मी गेलो ते शुक्रवारी. आठवडाभर एकलहऱ्याच्या फेऱ्या करून टाकी उतरलेली असताना. जिथं रोग दिसायचा तो दिवस टाळून मी दर वेळी रोगी बरा असल्याच्या दिवशी नेत होतो. हे माझ्या डोक्यात हळूहळू उतरत होतं, तेवढ्यात चाचांनी मागची सीट उचलली.

खरं सांगतो, तोपर्यंत मला त्या रिंगची आठवण झाली नव्हती. पत्र्याचं झाकण दिसलं तेव्हा झाली. त्याचे स्क्रू माझ्या पेचकसानं ओरबाडून ठेवलेले, लखलखीत. चाचांनी ते काढले. झाकणाखाली सगळं ओलं होतं, आणि धूळ बसून त्याचा काळा चिखल झालेला. त्यांनी आवळलेलं सोडवलं आणि दोन बोटांनी रिंग उचलली. सायकलच्या ट्यूबचं रबर पेट्रोलमध्ये टिकत नाही. ते पेट्रोल पितं आणि फुगतं. माझी रिंग पावसात पडलेल्या जिलबीसारखी झाली होती, कुठं जाड, कुठं वेडीवाकडी, आणि एका बाजूनं पूर्ण सरकलेली. टाकी भरली की वरचे चार-पाच लिटर हेलकावत तिथून थोडे-थोडे झिरपत होते, थेट सीटखाली.

चाचांनी विचारलं, हे कुणी केलं?

मी म्हटलं, आधीच्या मालकानं केलं असेल. माझ्या तोंडातून ते इतकं सहज निघालं की क्षणभर मलाही तो मालक डोळ्यांसमोर दिसला.

बायको खुर्चीवरून उठून जवळ आली. रिंगवर एका ठिकाणी पंक्चरचं ठिगळ होतं, अर्धं सुटलेलं. ती म्हणाली, "हे माझ्या सायकलचं आहे. शाळेच्या फाटकात खिळा लागला होता."

चाचांनी आमच्या दोघांकडे पाळीपाळीनं पाहिलं. मग ते पुढच्या दारानं आत वाकले, बॅटरीची तार काढण्यासाठी बॉनेट उघडायला निघाले होते बहुतेक, आणि तिथं त्यांना डॅशबोर्डवरचं उदबत्तीचं घर दिसलं. खाली राखेचा ढीग. त्यांनी बोट लावून राख पाहिली. मला विचारलं, ही गाडीत पेटवता? मी म्हटलं, वास जावा म्हणून. त्यांनी पितळी घर उचकटून काढलं, फडक्यानं पुसलं आणि बायकोच्या हातात दिलं. बेटी, हे घरी देवापुढं ठेव, असं म्हणाले. मग मला झाडाच्या पलीकडे नेलं, तिला ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर.

"साहेब, मागं पेट्रोल, पुढं आग, मधी ती बसलेली. तुम्ही रोज अल्लाकडं अर्ज देत होता, त्यानं वाचला नाही, एवढंच."

मला तिथं खाली बसावंसं वाटलं, पण खुर्ची एकच होती आणि ती तिच्याकडे होती.

चाचांनी टाकीतलं पेट्रोल काढलं, तोंड साफ केलं, पेट्रोलला टिकणारी रिंग दुकानातून आणवून बसवली, स्क्रू नवे लावले. मग पेट्रोल परत भरलं, झाकणावर एक पांढरा रुमाल अंथरला आणि मला द्वारकेच्या चौकाला चार चकरा मारायला लावल्या, वळण घेऊन घेऊन. परत आल्यावर रुमाल त्यांनी स्वतः हुंगला नाही, बायकोकडे दिला. तिनं हुंगला. कोरडा, म्हणाली. काही नाही.

मी सुटलो असं समजून गाडीचं मागचं दार तिच्यासाठी उघडून धरलं. ती बसली नाही. रिक्षा बोलवा म्हणाली. मी विचारलं, आता काय राहिलं? ती म्हणाली, गाडी सुधारली. मला नसलेला वास येतो हे जिथं-जिथं सांगितलंय, तिथं-तिथं जाऊन खरं काय ते सांगा. आईंना, काकूंना आणि डॉक्टरांना. मग बसेन.

डॉक्टरांना कशाला, असं मी विचारणार होतो. नाही विचारलं. दीड महिन्यात एवढं एक शहाणपण केलं.

आईला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तिनं सगळं ऐकलं, डबी उघडली, चिमूट घेतली आणि म्हणाली की पण मला तर कधी आला नाही वास. मी म्हटलं, आई, म्हणूनच. तिनं चिमूट ओढता ओढता हात थांबवला. मग उठली आणि आत सुनेपाशी जाऊन बसली. काय बोलली मला ऐकू आलं नाही, पण त्या दिवशी जेवायला पहिलं पान सुनेचं वाढलं. काकूंनी मात्र माझी कहाणी ऐकून घेतली आणि त्यांच्या रॉकेलच्या वासाचा काय तो शोध आता कुणी लावायचा, असं मलाच विचारलं. तेव्हाही घरात कुणी सायकल कापली होती का बघा, म्हणालो, तर दार लावून घेतलं.

दवाखान्यात बाकावर आठ बायका आणि मी. नर्सनं पेशंटचं नाव विचारलं, मी म्हटलं पेशंट नाही, निरोप आहे. आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी सवयीनं, वजन किती, असं विचारलं. मी सगळं सांगितलं, रिंगसकट. त्या आधी हसल्या. मग हसू गेलं आणि किती आठवडे, दर वेळी किती वेळ, काचा उघड्या की बंद, असे एकामागून एक प्रश्न आले. काचा बंद का, असं विचारल्यावर मला उदबत्तीचंही सांगावं लागलं. बाई पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. त्या नजरेपेक्षा चाचांची बरी होती. तपासणीसाठी उद्या आणा, रिक्षानं आणा, म्हणाल्या. मी उठलो तेव्हा त्यांनी पुन्हा बसायला सांगितलं.

"तिला सांगा, मीही नीट विचारलं नाही. तिचं नाक बरोबर होतं."

दुसऱ्या दिवशी तपासणी झाली. सगळं ठीक निघालं. डॉक्टरीणबाई बाळाचे ठोके ऐकत होत्या तोवर मी बाहेर बाकावर बसलो होतो.

आठवा लागायला दोन दिवस असताना आम्ही कळवणला निघालो. बायको मागे, आई पुढे, मध्ये डिंकाचे लाडू, पिशव्या, एक ट्रंक. टाकी फुल, कारण आईनं आपला हुकूम मागे घेतलेला नव्हता. सगळ्या काचा खाली. मी आरशात बायकोकडे बघायचो, ती बाहेर बघायची. दिंडोरी गेली. दोन्ही बाजूंना द्राक्षाच्या बागा लागल्या. वणीच्या अलीकडे ती मागून म्हणाली, वास येतोय.

मी ब्रेक मारला. आईची डबी पायाशी पडली. मी काहीही न विचारता उतरलो, आई आणि बायको दोघींना खाली उतरवून कडेच्या बाभळीच्या सावलीत उभं केलं, ट्रंक काढली, लाडू काढले, पिशव्या काढल्या, मागची सीट उचलली, झाकणाचे स्क्रू काढले आणि वाकडं नाक घेऊन आत तोंड घातलं. मला काही कळेना, तेव्हा रुमाल फिरवून बाहेर काढला. कोरडा. पुन्हा फिरवला. पुन्हा कोरडा. मी घामाघूम होऊन वर पाहिलं तर बायको बागेकडे बघत होती. पलीकडे एक माणूस पाठीवर पंप लावून वेलींवर फवारा मारत होता, आणि वारा आमच्या दिशेनं होता.

"अहो, मी वास येतोय एवढंच म्हटलं. गाडीचा कुठं म्हटलं?"

मी विचारलं, मग आधी सांगायचं नाही का? ती म्हणाली, तुम्ही विचारलंत कुठं, तुम्ही तर सरळ गाडी थांबवलीत. हे तिनं हसत सांगितलं, दीड महिन्यात पहिल्यांदा. मी स्क्रू एकेक करून परत लावायला घेतले. चार होते, सापडले तीन. चौथा गवतात शोधायला माझ्याबरोबर कुणीच वाकलं नाही. आई डबी पुसत होती, आणि बायको ट्रंकेवर बसून डिंकाचा लाडू खात होती.